कर्जाच्या माहितीत पापलेट

घरून काम सुरू करायचं तर आधी एक कपाट रिकामं करावं लागतं. बाकीचे लोक टेबल घेतात, पाठीला आधार देणारी खुर्ची घेतात, वायफाय वाढवून घेतात, असं ऐकून आहे. मी माझ्या धंद्यापुरतं सांगते. मी आवाज विकते. उभी हयात अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये डबिंग केलं. म्हणजे दुसऱ्या भाषेतल्या मालिका मराठीत आल्या की त्यांतल्या बायकांच्या ओठांवर मराठी वाक्यं बसवली. सासू, खाष्ट सासू, कोमातून बाहेर येणारी सासू. शिवाय बँकेला फोन लावल्यावर 'मराठीसाठी दोन दाबा' असं सांगणाऱ्या ज्या बायका असतात, त्यांतली एक मी. तुमच्यापैकी पुष्कळजण माझ्यावर ओरडले असतील. मी ते मनावर घेतलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांचं म्हणणं असं की, घरून स्वतंत्रपणे काम करायची तयारी मी कशी केली ते लिहावं, नव्या लोकांना उपयोग होईल. उपयोग कितपत होईल सांगता येत नाही. कारण माझ्या तयारीत साड्या, तिथ्या, श्रावण महिना आणि मनोरीची एक कोळीण, एवढ्या गोष्टी येतात.

घरून काम करावं अशी माझी काही इच्छा नव्हती. लॉकडाऊनमध्ये स्टुडिओ बंद पडले आणि पुन्हा उघडले तोवर लोकांच्या लक्षात आलं होतं की बाई घरून बोलली तर स्टुडिओचं भाडं वाचतं. मला फोन आला, "मॅम, तुमचा होम सेटअप आहे ना?" मी हो म्हटलं. आमच्या धंद्यात आधी हो म्हणायचं असतं.

आमचं घर बोरिवलीत, पहिल्या मजल्यावर, सोसायटीच्या गेटाच्या बरोबर वर. माइकला शांतता लागते, पण त्याहून जास्त लागते ती आवाज गिळणारी जागा. मोकळ्या खोलीत बोललं की आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाई मोरीतून बोलते आहे. बँकेला ते चालत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट मात्र आवाज परत करत नाही. म्हणून बेडरूमच्या भिंतीतलं कपाट मी निवडलं, खालचे कप्पे काढून टाकले, आत स्टूल ठेवलं आणि दोन्ही अंगांना साड्या टांगल्या. सुती साड्या सगळ्यात उत्तम. रेशमी साडी आवाज थोडा परत पाठवते आणि नायलॉनचा उपयोग शून्य.

दाराला आतून काय लावावं हा प्रश्न होता. माझे थोरले दीर एका साहित्य मंडळाचे कार्यवाह होते. त्यांच्याकडे सत्काराच्या शाली होत्या. त्या शालींचं काय करायचं हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. मी विचारल्याबरोबर त्यांनी एक रिक्षा भरून पाठवल्या. शाली पातळच होत्या, पण चार-चार एकत्र शिवल्यावर त्यांनी चांगलं काम दिलं. मराठी साहित्याचं माझ्यावर एवढं ऋण आहे.

कपाटात पंखा लावता येत नाही, कारण माइकला पंखा ऐकू येतो. त्याला पोटातली गुरगुरही ऐकू येते, म्हणून आत जाण्यापूर्वी एक केळं खायचं. बांगड्या काढायच्या. मंगळसूत्र रुमालात गुंडाळून बाहेर ठेवायचं. स्टुडिओतही आम्ही सगळ्याजणी हेच करायचो. आत आमची मालिकेतली सून सौभाग्यासाठी टाहो फोडत असायची आणि बाहेर टेबलावर रुमालांची गाठोडी पडलेली असायची. घरी मात्र मी पहिल्यांदा तसं केलं तेव्हा माझा नवरा दिलीप रुमालाकडे बराच वेळ बघत बसला. तो जोगेश्वरीच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर होता. निवृत्त झाल्यापासून त्याला तपासायला काही उरलं नव्हतं. मी आत गेले की बेल बंद करायची, फ्रिज बंद करायचा आणि बाहेर खुर्ची टाकून बसायचं, हे काम त्याने मोठ्या आनंदाने अंगावर घेतलं.

पहिलं मोठं काम मिळालं ते एका बँकेच्या फोनवरच्या माहितीचं. गृहकर्ज, वाहनकर्ज, सोन्यावरचं कर्ज. मी घामाने थबथबून सगळं बोलले आणि पाठवून दिलं. तिकडून एका मुलीचं उत्तर आलं, "मॅम, आवाज खूप छान आहे. पण गृहकर्जाच्या माहितीत पापलेट ऐकू येतंय."

मी ऐकलं. खरंच होतं. 'व्याजदर बदलण्याचे अधिकार' या शब्दांच्या मागे, शालींमधून, साड्यांमधून गाळून आलेलं पापलेट.

ही आमची काशी मावशी. मनोरीहून बोटीने खाडी ओलांडून यायची, आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवण्यापूर्वी गेटात उभी राहून एकच हाक द्यायची. त्या हाकेत पापलेट, बोंबील, कोलंबी सगळं असायचं आणि ती थेट गच्चीपर्यंत जायची. तिच्या आधी तिची आई याच इमारतींमध्ये मासळी घेऊन यायची. मी स्वतः इतकी वर्षं तिच्याकडूनच मासे घेत होते आणि ती हाक मला कधी आवाज वाटली नव्हती. कपाटात बसल्यावर वाटायला लागली.

मी खाली गेले. म्हटलं, "मावशी, एक विनंती आहे. जरा हळू ओरडता येईल?"

"हळू वरडू?" तिने बोंबलाचं डोकं उडवलं. "मंग वरडू कशाला?"

 मी सांगितलं की मी घरून काम करते, माझंही काम आवाजाचंच आहे.

"घरान बसून वरडतेस?"

"ओरडत नाही गं. बोलते. कपाटात बसून."

"कपाटात? दार लावून?"

"हो."

तिने सुरी थांबवली आणि माझ्याकडे खरोखर काळजीने पाहिलं. "मंग तुजा कोन आयकतंय गो बाय?"

मग मी वेळ ठरवून घ्यायचा प्रयत्न केला. तुम्ही अमुक वाजता या, म्हणजे मी त्याआधी उरकून घेईन. ती म्हणाली, "माजी येल समुद्र ठरवतो. तुज्या बँकेला सांग त्याला फोन कराया."

ही गोष्ट मी वर येऊन रागारागाने दिलीपला सांगितली. त्याचं बालपण वेंगुर्ल्याकडचं. तो शांतपणे उठला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन बसला. समुद्र कोणालाही काही सांगत नाही असं नाही, तिथीला सांगतो. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी भरती, म्हणजे सकाळी पाणी चढतं आणि बोट वेळेत धक्क्याला लागते. अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी, म्हणजे बोट रखडते. मावशी लवकर येणार की उशिरा, ते तिथीवरून काढता येत होतं. शिवाय सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्या बिल्डिंगीत कोणी मासे खात नाही आणि मंगळवारी निम्मे खात नाहीत. म्हणजे ते वार मोकळे. आणि श्रावण तर अख्खा मोकळा. मावशी फिरकतच नसे. दिलीपने हे सगळं लाल-निळ्या पेनांनी कॅलेंडरवर मांडून ते कपाटाच्या दारावर टांगलं. नोकरीतसुद्धा मी त्याला एवढा खूश पाहिला नव्हता.

तेव्हापासून एका बड्या बँकेची मराठी फोनसेवा पंचांगानुसार ध्वनिमुद्रित होऊ लागली. तिकडची ती मुलगी विचारायची, "मॅम, बुधवारी द्याल?" मी म्हणायची, "बुधवार नको. गुरुवारी देते." "शुक्रवारी अर्जंट होतं..." "शुक्रवारी पौर्णिमा आहे, सकाळी जमणार नाही." एकदा तिने भीत भीत विचारलं की माझं काही व्रत आहे का. मी 'तसंच काहीतरी' म्हटलं. पुढे ती मला मॅमऐवजी ताई म्हणू लागली आणि तिचं लग्न ठरत नव्हतं तेव्हा कोणता उपवास करू असंही तिने विचारलं. मी तिला कोमट पाणी प्यायला सांगितलं. कोमट पाणी सगळ्याला चालतं.

हिशेब कितीही पक्का असला तरी समुद्र अधूनमधून हुकायचा, आणि मग व्याजदराच्या मधोमध बोंबील यायचा. मावशीला पुसायला गेलं की माझे शब्दही खरवडले जायचे, म्हणून तो भाग मी पुन्हा बोलायची. बिघडलेलं कधीच काढून टाकत नाही, ही स्टुडिओतली जुनी सवय. कुठल्या टेकमध्ये, म्हणजे कुठल्या खेपेला, कुठला शब्द बरा निघाला असेल सांगता येत नाही. त्यामुळे संगणकाच्या एका कोपऱ्यात खराब मालाचा ढीग साठत गेला.

मग एक श्रावण संपला, गणपती येऊन गेले, आणि मावशी आली नाही.

विसर्जनानंतर आमच्या बिल्डिंगीत मासळीवर उडी पडते. त्या आठवड्यातही हाक आली नाही. मी बुधवारी आत बसले, शुक्रवारी बसले, रविवारी बसले, वाटेल तेव्हा दार लावलं आणि सलग बोलत गेले. काम झपाझप होऊ लागलं. खरं तर मला हेच हवं होतं. पण मला बरं वाटत नव्हतं. वाक्याच्या मध्ये मी उगाच थांबायची, ती येईल म्हणून. दिलीप कॅलेंडरसमोर उभा राहून म्हणायचा, "आज यायला हवी होती." लोक मोबाइलवरून मासे मागवू लागले. धुऊन, कापून, डब्यात घालून, एक पोरगा बेल वाजवून देऊन जायचा.

एका सकाळी मी खिडकीतून सहज पाहिलं तर मावशी गेटापाशी पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. गप्प. बिल्डिंगीत कोणालाही ती आल्याचा पत्ता नव्हता.

मी धावत खाली गेले. तिने गळ्याला हात लावला आणि हवेतून यावा तसा आवाज काढला, "गेला गो."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्वरयंत्रावर गाठी आहेत. ओरडायचं तर नाहीच, बोलायचंही नाही, कित्येक महिने. नंतर परत येईल का, ते तेव्हा बघू.  आमच्या धंद्यात या गाठींचं नावही कोणी घेत नाही. माझ्याबरोबरच्या एकीचा आवाज असाच गेला होता आणि ती आता समोर भेटली तरी रस्ता बदलते. मी मावशीला म्हटलं, "कुजबुजूसुद्धा नका. कुजबुजलं की जास्त ताण येतो." तिने मान हलवली. मग बोटाने वर, सगळ्या बंद खिडक्यांकडे दाखवलं आणि रिकामा हात माझ्यापुढे उलटा केला. तिला काय म्हणायचं होतं ते कळायला शब्दांची गरज नव्हती. हाक नाही तर गिऱ्हाईक नाही, आणि आईपासून चालत आलेल्या इमारती एकदा सुटल्या की सुटल्या. सून बँकेत नोकरीला होती, ती पाटी उचलणार नव्हती. मावशीला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

दिलीपने पहिला उपाय काढला. घंटा. मावशीने गेटात घंटा वाजवली आणि पाच मिनिटांत अर्धी बिल्डिंग कचऱ्याचे डबे घेऊन खाली उतरली.

दुसरा उपाय माझा. भंगारवाल्यांकडे असतो तसा चार्जिंगचा छोटा भोंगा आणला आणि हाक मी स्वतः रेकॉर्ड केली. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तोंडात आवाज घातला होता, मावशीच्या तोंडात घालणं काय अवघड. कपाटात बसून मी पापलेट, बोंबील, कोलंबी असं शुद्ध, स्वच्छ, भावपूर्ण म्हटलं. दुसऱ्या दिवशी भोंगा लागला. एकही माणूस खाली आला नाही. दुपारी कळलं की पाणी जाणार असल्याची सूचना आहे असं समजून लोकांनी बादल्या भरून ठेवल्या होत्या.

मावशी त्या दिवशी पाटी तशीच घेऊन परत निघाली. जाताना माझा हात थोपटून गेली, तू वाईट वाटून घेऊ नकोस अशा अर्थाने. मला फार वाईट वाटलं. वर येऊन मी कपाटात जाऊन बसले, काम नसताना. आणि तिथे बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की मावशीचा आवाज गेलेला नाही. तो माझ्याकडे आहे.

खराब मालाचा तो ढीग मी उघडला. अमुक गृहकर्ज, तमुक वाहनकर्ज, आणि प्रत्येकात कुठेतरी मागे मावशी. आता हे काम कसं चालतं ते सांगते. संगणकावर आवाज रंगीत डागांसारखा दिसतो. माणसाच्या बोलण्याचे डाग एका तऱ्हेचे, कुकरच्या शिट्टीचा वेगळा, कुत्र्याचा वेगळा. नको असलेला डाग निवडायचा आणि पुसायचा. कपाटात बसायला लागल्यापासून मी हेच करत आले होते. नेहमी मागचं पुसायचं आणि माझं ठेवायचं. या वेळी मी माझे डाग निवडले आणि ते पुसायला बसले. 'व्याजदर' पुसला. 'परतफेडीची मुदत' पुसली. माझा आवाज किती जाड, गुळगुळीत आणि सगळीकडे पसरलेला असतो, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तो हळूहळू निघत गेला आणि खालून मावशी वर आली. शालींतून गाळल्यामुळे थोडी दबलेली, पण तीच. मी एका टेकमधून पापलेट घेतलं, दुसऱ्यातून कोलंबी, आणि जोडलं.

बोंबील मात्र एकाच टेकमध्ये धड निघाला होता आणि तिथे आम्हा दोघींचे डाग एकमेकांवर पडले होते. माझं पुसायला जावं तर बोंबीलच जात होता. पुष्कळ खटपट केली, नाही जमलं.

मावशीला वर बोलावलं. ती कपाटातल्या स्टुलावर बसली, भोवतीच्या साड्यांना हात लावून पाहिला, मी तिच्या कानांवर हेडफोन चढवला. दार लावून घेतलं नाही, कारण मला तिचं तोंड बघायचं होतं. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे तिने कधी ऐकलेलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मग तिचे डोळे भरले आणि तिने नुसते ओठ हलवून म्हटलं, "माजी आय."

मी समजले. तिला तो स्वतःचा आवाज वाटला नव्हता, आईचा वाटला होता. मलाही रडू आलं आणि दिलीप पाणी आणायला म्हणून जो आत गेला तो लवकर बाहेर आला नाही.

मग तिने बोट वर केलं. तिला बोंबलाखालचं ऐकू आलं होतं. मी म्हटलं, "मावशी, तेवढं निघत नाहीये. तुम्हाला नको असेल तर बोंबीलच काढून टाकते." बोंबील काढायचा या कल्पनेने तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तिथी मी पाहिली नाही. कपाटात न बसता खिडकीत उभी राहिले. मावशीने पाटी उतरवली, भोंगा गेटाच्या खांबावर ठेवला आणि बटण दाबलं. तिची हाक उठली आणि भिंतीला घासत गच्चीपर्यंत गेली. पापलेट. कोलंबी. मग लांब, खेचलेला बोंबील, आणि त्याच्या शेपटीला लागून, शांत, नम्र, अदबशीर आवाजात मी:

"...आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

खिडक्या उघडल्या. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी मोठ्याने हसलं. भोंग्याने पुन्हा सगळं म्हटलं, बोंबील पुन्हा महत्त्वाचा ठरला, आणि लोक ताटं, पिशव्या, डबे घेऊन उतरू लागले. मोबाइलवरून मागवणारेही आले. मी खाली पोहोचेपर्यंत मावशीभोवती गराडा पडला होता आणि तिची सुरी पूर्वीसारखी चालत होती.

दुसऱ्या मजल्यावरचे सावंत आमचे जुने शेजारी, आमच्या घरी पन्नासदा जेवलेले. ते कान देऊन भोंगा ऐकत होते. म्हणाले, "मावशी, ही हाक तुमची, ते कळलं. पण मागून ती दुसरी बाई बोलते ती कोण हो? कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो आवाज."

 हा प्रश्न मला सवयीचा आहे. माझा आवाज सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेला असतो आणि तो कोणाचा हे कोणालाच ठाऊक नसतं. मालिकेच्या शेवटी नावांच्या यादीत शिंपी असतो, चहावाला असतो, आम्ही नसतो. याचं मला आता काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले आहे, आणि ते खोटं आहे.

मावशीने सुरी खाली ठेवली. हात पदराला पुसला, माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढलं, आणि सगळ्या बिल्डिंगीसमोर त्या फाटलेल्या, खरखरीत गळ्यातून म्हणाली, "ही. आमी दोगी मिलून वरडताव."

तिला बोलायला सक्त मनाई होती. मी तिला लगेच थांबवायला हवं होतं, पण त्याआधी मी सावंतांकडे वळून बँकेच्या आवाजात म्हटलं, "पापलेटसाठी एक दाबा, बोंबलासाठी दोन."